लाकडातली ओल मोजायचा स्वस्तातला मीटर: कुठला घ्यावा?

रंधा_आणि_चहा
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय, सांभाळून घ्या.

सुतारकाम हा माझा शनिवार-रविवारचा छंद. राहतो पुण्यात. गेल्या ऑगस्टमध्ये कोकणातल्या एका वखारीतून सागाच्या फळ्या आणल्या, दहा इंच रुंद, सव्वा इंच जाड. मालक म्हणाले, "दोन वर्षं पडून आहे माल, एकदम सुका." मी विश्वास ठेवला. फळ्या जोडून भावासाठी जेवणाच्या टेबलाचा वरचा तक्ता केला, खालून आडव्या पट्ट्या स्क्रूने गच्च आवळल्या, आणि तक्ता नागपूरला रवाना केला. एप्रिलमध्ये भावाने फोटो पाठवला. दोन सांधे उघडलेत आणि एक फळी मधोमध चिरली आहे. वहिनी म्हणाली, "भावोजी, फटीत पोळीचा तुकडा अडकतो आता."

तर आता ओल मोजायचा मीटर घ्यायचाच असं ठरवलंय. बजेट तीन हजार. ऑनलाइन पाहिलं तर हजार-बाराशेपासून सुरू होतात आणि वर जाल तितकं थोडंच. काहींना दोन टोकदार पिना आहेत, काही नुसते फळीवर टेकवायचे. प्रश्न असे:
पिनांचा घ्यावा की बिनपिनांचा?
हजाराच्या आणि अडीच हजाराच्या मीटरमध्ये खरंच फरक असतो का?
दाखवलेल्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा?

खवचट_खुंटी
मीटर घेण्याआधी स्क्रू सैल सोडायला शिका. आडवी पट्टी गच्च आवळली की लाकूड आकसणार कुठे? पट्टीतली भोकं लांबट ठेवायची, म्हणजे फळीला सरकायला जागा मिळते. बाकी चालू द्या, मी चहा घेऊन बसलोय.

रंधा_आणि_चहा
@खवचट_खुंटी, मान्य. शंभर टक्के माझी चूक. पण फक्त स्क्रूमुळे दीड सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फट पडेल का?

अण्णा_पटाशीवाले
मी आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवून निवृत्त झालो. आमच्या वेळी मीटर नव्हता, वजनकाटा होता. थप्पीतल्या एका फळीवर खडूने नंबर घालायचा, दर पंधरा दिवसांनी ती तोलायची आणि वजन फळीवरच लिहून ठेवायचं. लागोपाठ दोन-तीन वेळा वजन हललं नाही की लाकूड त्या जागेपुरतं वाळलं. "त्या जागेपुरतं" हे शब्द नीट वाचा.

ओली फळी गालाला लावली की थंड लागते, वाजवली की बद्द वाजते. याने ओलं-सुकं कळतं, पण बारा की सोळा हे कुणाच्या गालाला कळत नाही. तेव्हा मीटर जरूर घ्या.

दुसरं. फळी टोकाला तपासू नका, टोकं आधी वाळतात. वरून तपासून समाधान मानू नका, कातडी सुकी आणि पोट ओलं असं सव्वा इंच जाडीत सर्रास असतं. टोकापासून फूटभर आत कापा आणि ताज्या कापाच्या मधोमध पिना टोचा. वखारवाला कापू देत नसेल तर त्याचा अर्थ तुम्हीच लावा.

वखार_विदर्भ
अण्णा, कापू देतो हो आम्ही! फक्त कापलेला तुकडा गिऱ्हाइकाच्या बिलात धरतो.

आमची तिसरी पिढी लाकडात. परतवाड्याच्या आणि बल्लारशाच्या डेपोतला साग घेतो. धागाकर्त्यांना सांगतो, तुमचा वखारवाला खोटं बोलला असेलच असं नाही. दोन वर्षं पडलेला माल कोकणच्या मानाने सुकाच होता. लाकूड हवेप्रमाणे ओल घेतं आणि सोडतं. हवेत ६५ टक्के आर्द्रता असेल तर लाकूड साधारण १२ टक्क्यांवर स्थिरावतं. ८५ टक्के असेल तर १८ च्या आसपास. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये दुसरं काय होणार? आणि आमच्याकडे मे महिन्यात दुपारची आर्द्रता २०-२५ वर येते, म्हणजे लाकूड पाचच्या आसपास ओढलं जातं. पूर्ण पोचत नाही, कारण जाड फळीला वेळ लागतो आणि तोवर मृग येतो.

भारतीय मानक २८७ मध्ये याच कारणाने देशाचे चार पट्टे पाडलेत. ५० मिमीहून पातळ दारं-खिडक्यांच्या लाकडात सगळ्यात कोरड्या पट्ट्यात ८ टक्क्यांपर्यंत ओल चालते, सगळ्यात दमट पट्ट्यात १४ पर्यंत. एकच फळी रत्नागिरीत पास आणि नागपुरात नापास!

आता दीड सुताचा हिशोब. साग फार कमी आकसतो म्हणून त्याचं नाव. पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरडा होईपर्यंत वर्तुळांच्या दिशेने ५.८ टक्के आणि गाभ्यापासून सालीच्या दिशेने २.५ टक्के. म्हणजे ओल एक टक्का उतरली की साध्या चिरकामाची फळी रुंदीत साधारण ०.२ टक्के आकसते. १८ वरून ९ वर आली तर १.८ टक्के. दहा इंचाच्या फळीला साडेचार मिमी. झालं ना तुमचं दीड सूत?

रंधा_आणि_चहा
वखारभाऊ, दंडवत! आकडा इतका तंतोतंत जुळेल असं वाटलं नव्हतं. म्हणजे मला "सुकं आहे का" हे विचारायचंच नव्हतं, "कुठल्या घरासाठी सुकं आहे" हे विचारायचं होतं.

सोयाबीन_ते_सागवान
एक बाळबोध प्रश्न. आमच्या घरी सोयाबीनची ओल मोजायचा मीटर पडून आहे. लाकडाच्या भुश्यावर चालेल का? नवीन खर्च वाचेल.

वखार_विदर्भ
नाही चालत बाप्पा. तो दाण्यांच्या ठरावीक मापावर बेतलेला असतो. शिवाय दोन्हीकडचा टक्का वेगळा. धान्यात ओल मोजतात एकूण वजनाच्या हिशोबात, लाकडात मोजतात कोरड्या लाकडाच्या वजनाच्या हिशोबात. १०० किलो मालात २० किलो पाणी असेल तर बाजार समितीत त्याला २० टक्के म्हणतील आणि वखारीत २५ टक्के, कारण कोरडा भाग ८० किलोच आहे. म्हणून तर ताज्या तोडलेल्या हलक्या झाडात शंभर टक्क्यांवर ओल निघते आणि लोक म्हणतात मीटर खराब आहे.

सोयाबीन_ते_सागवान
अरे बापरे, हे माहीतच नव्हतं. धन्यवाद. सोयाबीनचं १२ टक्के डोक्यात पक्कं बसलंय, आता लाकडाचं वेगळं बसवतो.

ओहमचा_उपासक
आता माझ्या आवडीचा विषय आला, लांबण लावतोय.

पिनांचा मीटर म्हणजे दुसरं काही नाही, फार मोठा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजणारं यंत्र. कोरडं लाकूड वीज अडवतं, ओलं जाऊ देतं. गंमत म्हणजे हा फरक सरळ चढत नाही, कोसळतो. अमेरिकेतले बरेच मीटर डग्लस फर नावाच्या लाकडावर बेतलेले असतात. त्या लाकडाचे २७ अंश सेल्सिअसला मोजलेले, प्रसिद्ध झालेले आकडे बघा (रोध ओहममध्ये मोजतात, दहा लाख ओहम म्हणजे एक मेगाओहम):

२२ टक्क्यांना १.१ मेगाओहम
१६ टक्क्यांना ११ मेगाओहम
१२ टक्क्यांना १२० मेगाओहम
७ टक्क्यांना २२,४०० मेगाओहम

शेवटचा आकडा परत वाचा. इतका रोध हजार रुपयांच्या सर्किटला धड मोजता येत नाही. पिनांच्या मधल्या प्लास्टिकवर बोटाचा घाम लागला असेल तरी तेवढ्यातून वीज गळते. म्हणून सात-आठच्या खाली स्वस्त मीटर बरळतात. वरच्या बाजूला २५-३० नंतर लाकडाचे तंतू पाण्याने तुडुंब भरलेले असतात, तिथून पुढे पाणी वाढलं तरी रोध फारसा बदलत नाही. तेव्हा खोक्यावर "५ ते ९९ टक्के" छापलेलं असलं तरी ८ ते २५ एवढाच पट्टा खरा माना. सुदैवाने आपलं बहुतेक काम याच पट्ट्यात आहे.

आणि ०.१ टक्क्यापर्यंत आकडा दाखवतो म्हणून शंभर-दोनशे रुपये जास्त देऊ नका. तो शोभेचा दशांश आहे.

आता स्वस्त मीटर चांगला की वाईट हे घरी कसं ओळखायचं? पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा. १० मेगाओहमचे बारा रेझिस्टर (ठरावीक रोधाचे छोटे सुटे भाग) घ्या, काही रुपयांत येतात. सगळे ओळीने एकापुढे एक जोडा. झाले १२० मेगाओहम. दोन टोकं दोन पिनांना लावा, पण चिमट्याने. बोटाने धरलंत तर मीटर तुमची ओल मोजेल. १२ च्या आसपास आकडा यायला हवा. मग १ मेगाओहम आणि १०० किलोओहम जोडून बघा, २२ च्या जवळ यायला हवा. तुमचा मीटर डग्लस फरवर बेतलेला नसेल तर आकडे थोडे सरकतील, त्याने बिघडत नाही. पण दहा वेळा लावून दहा वेगळे आकडे आले तर परत करा.

खवचट_खुंटी
सुतारकामाच्या धाग्यावर मेगाओहम. आता फक्त कुणीतरी कविता टाकायची बाकी आहे.

बर्फातली_सुतारीण
टोरांटोहून लिहितेय. माझ्याकडे दोन्ही प्रकार आहेत म्हणून बोलायचा अधिकार वापरते.

बिनपिनांचा मीटर फळीवर टेकवला की साधारण पाऊण इंच खोलपर्यंतची सरासरी देतो. भोकं पडत नाहीत, दहा सेकंदांत अख्खी फळी फिरवून होते. पण तो लाकडाच्या घनतेवर चालतो. घनता चुकीची भरली की आकडा चुकला. शिवाय पृष्ठभाग सपाट हवा. करवतीतून आलेल्या खडबडीत फळीवर हवा अडकते आणि आकडा खाली येतो. पाऊण इंचाहून पातळ फळी लोखंडी टेबलावर ठेवलीत तर लोखंडच मोजतो, तेव्हा खाली मोकळी जागा सोडा. वॅग्नर कंपनीचा माझा बिनपिनांचा मीटर मला आवडतो, पण तो तुमच्या बजेटच्या कितीतरी पट आहे. डेल्महॉर्स्ट आणि लिग्नोमॅटचे पिनवालेही नावाजलेले, तेही महागच. तीन हजारांत बिनपिनांच्या वाटेला जाऊ नका. स्वस्त बिनपिनी म्हणजे भिंतीमागची ओल शोधणारं खेळणं. त्यावर आकडा येतो, पण तो कशाचा हे कळत नाही.

इथे उलटं दुखणं आहे. हिवाळ्यात हीटरमुळे घरातली हवा इतकी कोरडी होते की फर्निचर सहावर येतं, आणि उन्हाळ्यात तेच ११-१२ वर जातं. पहिल्या वर्षी मी जानेवारीत ड्रॉवर अगदी नेमका बसवला. जुलैत उघडेना. आत पासपोर्ट होता.

अण्णा_पटाशीवाले
ताई, पासपोर्ट निघाला का शेवटी?

बर्फातली_सुतारीण
निघाला काका, मागची फळी काढून. :)

फणसाची_फळी
कोकणातून एक भर. आमच्याकडे काही जण लाकूड खाडीत टाकून ठेवतात, कीड लागू नये म्हणून. असं लाकूड कितीही वाळवा, पिनांचा मीटर वरचाच आकडा दाखवतो, कारण आत मीठ असतं आणि मिठामुळे वीज जास्त वाहते. माझ्या वडिलांनी खाडीतून काढून चार वर्षं माळ्यावर ठेवलेल्या ऐनाच्या फळीला माझा मीटर २३ दाखवत होता. मी मीटरला शिव्या घातल्या. काट्यावर तोलत गेलो तर वजन महिनोन्‌महिने हलत नव्हतं. अण्णांचा खडू बरोबर, मीटर चूक.

रबरवुडच्या (रबराच्या झाडाच्या लाकडाच्या) जोडलेल्या फळ्या घेताना हेच लक्षात ठेवा. त्याला किडीसाठी बोरॉनची प्रक्रिया केलेली असते, तिथेही आकडा फुगतो.

ओहमचा_उपासक
अगदी बरोबर. तापमानाचंही तसंच. मीटर बहुतेक २० अंशांवर बेतलेले असतात. अंगणात उन्हात ४० अंश तापलेल्या फळीला टोचलात तर दीड-दोन टक्के जास्त दिसतील. फळी सावलीत आणून थंड होऊ द्या, मग मोजा.

अजून एक, हसू नका. या मीटरांत "लाकूड" आणि "भिंत" अशी दोन बटणं असतात. माझ्या मित्राने सहा महिने भिंतीच्या बटणावर लाकूड मोजलं.

रंधा_आणि_चहा
सगळ्यांचे मनापासून आभार. आता निदान पिनांचा घ्यायचा हे पक्कं झालं. पण सागासाठी वेगळी दुरुस्ती लागेल ना? स्वस्त मीटरमध्ये लाकडाच्या जातींचे चार गट असतात, त्यांच्या पुस्तिकेत ओक, बीच, पाइन आहेत. साग कुठेच नाही.

वखार_विदर्भ
दुरुस्तीचा तक्ता शोधत बसू नका. एकदा स्वतः काढा, जन्मभर पुरेल. फळीच्या मधून एक इंच लांबीचा तुकडा कापा, लगेच तोला. सोनाराकडे असतो तसा ०.१ ग्रॅमचा छोटा काटा ऑनलाइन मिळतो. मग ओटीजीमध्ये (घरातल्या विजेच्या छोट्या भट्टीत) १०३ अंशांवर ठेवा. दोन-तीन तासांनी तोलत राहा. वजन थांबलं की हिशोब करा. पहिलं वजन वजा शेवटचं, भागिले शेवटचं. हाच खरा आकडा. त्याच फळीला मीटर काय म्हणत होता ते बघा, फरक लिहून मीटरच्या पाठीला चिकटवा. मायक्रोवेव्हमध्ये मात्र हा उद्योग करू नका, आतून जळतं आणि घरात वेगळा धूर निघतो.

आता माझं खरं म्हणणं. भावाच्या घरी वीस-तीस वर्षांचं एखादं सागाचं कपाट असेल ना? त्याच्या मागच्या बाजूला पिना टोचा. तो आकडा तुमचं लक्ष्य. तुमची नवी फळी त्याच मीटरने, त्याच गटावर मोजा. मीटर दोन टक्के खोटं बोलत असेल तर दोन्हीकडे सारखंच खोटं बोलेल आणि वजाबाकीत ते खोटं उडून जाईल. त्यामुळे स्वस्त मीटर आपल्याला पुरतो. त्याला खरं बोलता आलं नाही तरी चालेल, रोज एकच खोटं बोलता यायला हवं.

खवचट_खुंटी
+१. (हे मी पहिल्यांदाच लिहितोय, नोंद घ्या.)

अण्णा_पटाशीवाले
वखारभाऊ लाख बोलले. घेताना एवढंच बघा: पिना बदलता याव्यात, स्क्रूने फिरवून निघणाऱ्या असाव्यात. आपला साग-बाभळीचा कडकपणा बघता त्या वाकणारच. टोपणात आत दोन धातूचे ठिपके असतात, त्यावर पिना टेकवून मीटर स्वतःला तपासतो, ती सोय हवी. आकडा पडद्यावर थांबवून ठेवायचं बटण हवं, कारण थप्पीच्या तळाशी हात घातल्यावर डोकं घालायला जागा नसते.

रंधा_आणि_चहा
(पाच आठवड्यांनी धागा वर काढतोय.)

घेतला. साडेबाराशेचा, पिनांचा, चार गटांचा. आधी दुसरा एक आला होता. ओहम गुरूंच्या बारा रेझिस्टरच्या माळेवर तो कधी १३, कधी १६, कधी ११ दाखवायचा. परत केला. हा दर वेळी १२.५ दाखवतो. १.१ मेगाओहमवर २१.५. घरचे म्हणतात मी लाकडापेक्षा रेझिस्टर जास्त मोजतोय.

मग कोकणच्या उरलेल्या फळीवर प्रयोग केला. पुण्यात वर्षभर गॅलरीत उभी होती. वरून मीटर ११.५, ताज्या कापाच्या मधोमध १५. (अण्णा, पोट ओलंच निघालं.) तुकडा तोलला, ८४.६ ग्रॅम. ओटीजीतून शेवटी ७३.२ वर थांबला. ११.४ भागिले ७३.२, म्हणजे १५.६ टक्के. मीटरची वरची आणि मधली सरासरी तेराच्या थोडी पुढे, तेव्हा माझा मीटर सागाला दोनेक टक्के कमी दाखवतो. चिठ्ठी चिकटवली.

मग मीटर ट्रॅव्हल्सने नागपूरला पाठवला आणि भावाला फोनवर समजावलं. दिवाणखान्यातल्या आजोबांच्या कपाटाला मागून ६.५. आतल्या खोलीत, जिथे दिवसभर कूलर चालतो, तिथल्या सागाच्या पलंगाला ९. एकाच घरात अडीच टक्क्यांचा फरक! टेबल दिवाणखान्यात आहे, कूलरपासून लांब.

आता नवा तक्ता करतोय. फळ्या पुण्यात चिरून, टोकांना जुना ऑइलपेंट फासून भावाकडे पाठवल्या. त्याच्या दिवाणखान्यातच मध्ये पट्ट्या घालून रचल्यात. दर रविवारी तो मीटर टोचतो आणि मला आकडा पाठवतो. पहिला रविवार १३, काल १०.५. सातावर आल्या की मीच जाऊन तिथेच जोडणार. स्क्रूची भोकं लांबट ठेवणार आहे, @खवचट_खुंटी.

अवांतर: भावाने उत्साहाच्या भरात अख्खं घर मोजलं. बाथरूमच्या दाराच्या चौकटीला १९ आले. काय करावं?

खवचट_खुंटी
बाथरूमच्या चौकटीसाठी वेगळा धागा काढा.

वखार_विदर्भ
आणि खालचा सहा इंच भाग स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा म्हणावं. सहज आत गेला तर मीटर राहू द्या, सुताराला बोलवा.